दोनदा दाबलेलं मनगट

माझ्या मायचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानदारानं काडीपेटी दिली की ती कानाशी धरून हलवून बघायची. एसटीच्या पाटीवर मालेगाव लिहिलेलं स्वतः वाचायची, मग कंडक्टरला विचारायची, आणि बसल्यावर पुन्हा शेजारच्या बाईला. दूधवाल्याच्या देखत दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते डोळे बारीक करून पाहायची, आणि तो बिचारा उंबऱ्याबाहेर चुळबुळत उभा राहायचा. आमच्यावरही तिचा भरवसा नव्हता. मी शाळेतून आले की आधी दप्तर हुंगायची, चिंचा खाल्ल्या का ते कळायला. अशी ही बाई दर रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसली की एकदम भोळी व्हायची. केबलवर परदेशी कुस्त्यांची मालिका लागायची, आणि त्यातल्या प्रत्येक बुक्कीवर, प्रत्येक आपटण्यावर तिचा ठाम विश्वास होता.

"एवढं रगत कोनी खोटं खोटं काढते का?" ती म्हणायची.

"तेच तं मी सांगून राह्यलो," बाबा म्हणायचे. "काढतेत."

मेडशीला वस्तीच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं टिनाचं घर. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली लाकडी टेबलावर टीव्ही, त्यावर मायनं विणलेला क्रोशाचा रुमाल. केबलची वायर आमच्याच टिनावरून पुढं गेलेली, त्यामुळं वस्तीत पहिल्यांदा चित्र आमच्याकडं आलं. बाबा पंचायत समितीत शिपाई होते. रविवारी सुट्टी असायची. सकाळी दोन एकराचा तुकडा पाहून यायचे, दुपारी आंघोळ करून स्वच्छ बंडी घालायचे आणि संध्याकाळी पाटावर मांडी घालून बसायचे. थंडीचे दिवस असले की माय जर्मनच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडायची. त्या शेंगांचा वास, टिनावर उतरत्या उन्हाची टकटक, आणि टीव्हीतल्या हजारो लोकांचा ओरडा, एवढ्यात माझी ती दोन-तीन वर्षं गेली. आजही कुठं तुरीच्या शेंगा शिजत असल्या की मला कुणीतरी जोरात जमिनीवर आपटल्याचा आवाज येतो.

बाबा एकेकाळचे पहेलवान. आमच्या घरात ही गोष्ट मीठ-मिरचीसारखी रोज लागायची. माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी आसेगावकडच्या एका गावच्या यात्रेत शेवटची कुस्ती त्यांनी मारली होती, शेषराव पहेलवानाला चितपट केलं होतं. वस्तीतल्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन थेट मेडशीपर्यंत आणलं, रस्ताभर हलगी वाजत होती. त्या गर्दीत माझे आजोबाही होते. त्यांनी तिथंच ठरवलं की पोरगी द्यायची तर या गड्याला. त्या दिवशी मिळालेला गुलाबी फेटा मायच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला असायचा, आणि पाहुणे आले की ती तो उलगडून दाखवायची. "जगात बाकी सारं पारखून घेतलं," ती म्हणायची, "हे एक माह्या बापानं पारखलेलं." मीही शाळेत या कुस्तीवर बरीच ऐट मिरवली. पाटलांच्या, देशमुखांच्या पोरी वर्गात असल्या तरी सुखदेव पहेलवानाच्या पोरीशी जरा जपूनच बोलायच्या.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. त्या कुस्तीनंतर बाबा पुन्हा मातीत उतरले नाहीत. मायला विचारलं तर ती म्हणायची, एवढी मोठी मारल्यावर माणसानं लहान कायले खेळाव्या? बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, नोकरी लागली. नोकरी लागायला मध्ये चांगली तीन वर्षं गेली होती, हे मी आत्याकडून काढून घेतलं होतं. मायचा गुण माझ्यात उतरलाच होता.

टीव्हीवरच्या कुस्त्या कशा पाहायच्या ते मला बाबांनी शिकवलं. पडणाऱ्याकडं पाहायचं, पाडणाऱ्याकडं नाही. "हे पाह्य, उचलनाऱ्याची ताकद नाही लागून राह्यली. वरचाच उडी घेऊन राह्यला." खरंच, एकदा सांगितल्यावर ते दिसायचं. पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, दोन्ही हात आधी जमिनीवर मारायचे, म्हणजे आवाज मोठा होतो आणि मार कमी लागतो. लढणारे एकमेकांच्या मिठीत असले की ओठ हलतात, ते पुढं काय करायचं ते सांगत असतात. आणि कधी कधी, बाबांनी माझा हात हातात घेऊन दाखवलं, एकजण दुसऱ्याचं मनगट दाबतो. "एकदा दाबलं तं चालू दे. दोनदा दाबलं तं सैल सोड." दोनदा दाबलेलं माझं मनगट मी बराच वेळ चोळत बसले होते. हे त्यांना टीव्हीवरून कळलं असणं शक्य नव्हतं, कारण पडद्यावर मनगट दाबलेलं दिसतच नाही.

आता शेषरावकाकांबद्दल. ज्यांना बाबांनी पाडलं तेच हे शेषराव. गावातल्या मधल्या आळीत त्यांचं घर, वीसेक एकर शेती, सोयाबीन आणि तूर. दर रविवारी कुस्त्या सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं ते आमच्या दारात येऊन खाकरायचे. डावा हात त्यांचा खांद्याच्या वर जायचा नाही. गळ्यातलं उपरणं ते एकाच हातानं सारखं करायचे. मग दाराजवळच्या खाटेवर बसायचे, बाबांच्या जवळ नाही आणि लांबही नाही. शेंगा खायचे, चहा प्यायचे, एका तासात दहा वाक्यं बोलायचे आणि मालिका संपली की, "येतो सुखदेवा," म्हणून निघायचे. त्या काळी मधल्या आळीतला माणूस वस्तीत येऊन आमच्या कपात चहा पितो हीच लोकांच्या दृष्टीनं केवढी गोष्ट होती. त्याचाही बाबांना मान मिळायचा. पाडलेला पहेलवान पाडणाऱ्याच्या घरी येतो, केवढं मोठं मन, असं लोक म्हणत.

मायला हे मोठं मन पटत नव्हतं. कारण शेषरावकाकांच्या घरी टीव्ही होता, आमच्याहून मोठा, लाकडी कपाटातला, दारं लावून ठेवायचा. पुढं केबलही आली. तरी ते येतच राहिले.

"याच्या घरी एवढा मोठा टीवी हाय, मंग हा आपल्या घरी काहून येते?" ती भांडी घासता घासता पुटपुटायची. "काहीतरी हाय याच्या पोटात." कधी तिला वाटायचं त्यांचा आमच्या दोन एकरावर डोळा आहे. कधी वाटायचं त्यांना बाबांकडून पंचायत समितीतलं काही काम काढून घ्यायचं आहे. वर्षं गेली, त्यांनी जमिनीचा विषय काढला नाही की कामाचा. त्यामुळं तिचा संशय आणखीच वाढला. मी दारामागं उभी राहून दोघांवर पाळत ठेवायची. दोन माणसं तास तासभर एकमेकांकडं न पाहता बसतात, यात काहीतरी आहे हे मलाही कळत होतं.

त्या मालिकेत एक जोडी होती. त्यांची इंग्रजी नावं आम्हाला नीट घेता यायची नाहीत; मायनं त्यांना मिशीवाला आणि झिपऱ्या अशी नावं दिली होती. दोघं कायम एकत्र लढायचे, एक दमला की दुसरा दोरीवरून हात पुढं करायचा, जिंकले की एकमेकांना मिठी मारायचे. माय त्यांच्यासाठी जीव टाकायची. "भाऊ भाऊ असतीन," म्हणायची. मग एका रविवारी त्या दोघांचीच आपसात कुस्ती ठेवली. मित्र आहेत, नियमानं खेळतील, असं काहीतरी त्यांनी माइकवर सांगितलं. झिपऱ्यानं हात पुढं केला. मिशीवाल्यानं तो हातात घेतला, हसला, आणि हात न सोडताच त्याला ओढून खाली आपटलं. मग पडलेल्याच्या खांद्यावर तो लाथा मारत राहिला. टीव्हीतली गर्दी किंचाळत होती. मायच्या हातातली शेंग तशीच राहिली.

बाबा उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

रविवारच्या कुस्त्या मध्येच बंद झाल्या, असं आमच्या घरी कधी झालं नव्हतं. बाबा टीव्हीला पाठ लावून उभे राहिले आणि क्रोशाचा रुमाल सरळ करू लागले. तो सरळच होता. मी शेषरावकाकांकडं पाहिलं. ते उजव्या हाताच्या अंगठ्यानं आपलं डावं मनगट चोळत होते, हळूहळू, लक्ष नसल्यासारखे.

"चालू कर सुखदेवा," ते म्हणाले. "खोटं तं होय सारं. तूच म्हनते ना."

बाबांनी टीव्ही चालू केला नाही. काका कपातला उरलेला चहा प्यायले आणि निघून गेले. "येतो" म्हणाले नाहीत.

त्या रात्री मी पडल्या पडल्या सगळं जुळवलं. मनगट, बंद केलेला टीव्ही, कायमची सोडलेली कुस्ती, काकांचं विनाकारण येणं. आणि मी ठरवून टाकलं की शेषरावकाका मुद्दाम पडले होते. ती नूरा कुस्ती होती, आधीच ठरवलेली. काकांनी दया म्हणून पाठ टेकली, वस्तीनं उगाच हलगी वाजवली, आजोबांनी खोट्या कुस्तीवर पोरगी दिली, आणि मी खोट्याच्या जोरावर पाटलांच्या पोरींसमोर मान ताठ केली. मला बाबांची लाज वाटली. हे आज लिहायलाही जड जातं, पण वाटली. आठवडाभर मी त्यांच्याशी तुटक बोलले, त्यांनी जेवताना ठेचा मागितला तर ताट पुढं सरकवलं आणि उठले. त्यांनी स्वतःच उठून ठेचा घेतला. माय मात्र माझ्याकडं दुधाच्या थेंबाकडं पाहावं तशी पाहत होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर एसटी स्टँडवर शेषरावकाका दिसले. वाशिमची गाडी धरायला उभे होते. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"काका, तुमी मुद्दाम पडले होते का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. "कोन म्हनते?"

"मीच म्हनते."

"मुद्दाम पडलो असतो तं खांदा कायले निखळला असता, माय?" ते म्हणाले. "मुद्दाम पडनाऱ्याले मार लागत नाही. तुह्या बापानं शिकवलं नाही का तुले?"

गाडी आली आणि ते चढले. मी तिथंच उभी. शिकवलं होतं. पडणाऱ्याकडं पाहायचं, हे तर पहिलं शिकवलं होतं. हनुवटी छातीला, हात आधी जमिनीवर. ज्याला माहीत असतं की आपण पडणार आहोत त्याचा खांदा जन्मभरासाठी जात नाही. म्हणजे काका पडायला तयार नव्हते. मग मनगट कुणी दाबलं होतं आणि कशासाठी?

रविवारी काका येतील की नाही यावरून घरात कुणी काही बोललं नाही, पण शेंगा शिजल्या, खाट झटकली गेली, आणि बाबा बंडी घालून दुपारपासूनच पाटावर बसले. दहा मिनिटं आधी दारात खाकरणं झालं. काका येऊन आपल्या जागी बसले. मालिका सुरू झाली. या मालिकांची एक रीत असते, मागच्या आठवड्यात काय घडलं ते आधी पुन्हा दाखवतात. झिपऱ्यानं हात पुढं केला, मिशीवाल्यानं तो धरला. आणि ते एकदाच दाखवून त्यांचं समाधान होत नाही. जवळून दाखवलं, मग सावकाश दाखवलं. सावकाश दाखवताना झिपऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता, हसणारा.

"शेषराव," बाबा पडद्याकडंच पाहत म्हणाले, "म्या मनगट दाबलं होतं. दोनदा."

"मले माहीत हाय," काका म्हणाले. "माहंच मनगट होतं ते."

मग बाबा बोलले. इतकं सलग बोललेलं मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. दोघं एकाच तालमीतले, एकाच वस्तादांच्या हाताखालचे. एका तालमीतले गडी आपसात लढत नाहीत, पण यात्रेच्या पंचांनी जोड लावली आणि लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नाही. वस्तादांनी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, थोडी देर खेलो, फिर बराबरी में छोडो. कुस्ती बरोबरीत सुटली की पंच दोघांचे हात वर करतात, दोघांना नारळ, दोघांना फेटा. कुणाची मान खाली जात नाही. खूण ठरली, बाबांनी मनगट दोनदा दाबलं की दोघांनी सैल सोडायचं. ठरल्याप्रमाणे बाबांनी दाबलं. काकांनी अंग सैल सोडलं. आणि त्याच घटकेला पुढच्या रांगेतला एक फेटेवाला शेजारच्याला मोठ्यानं म्हणाला, "बरोबरीत सोडा, या लोकायले एवढं लय झालं."

"ते माह्या कानात शिरलं," बाबा म्हणाले. "मंग माह्या हातानं काय केलं ते मले समजलंच नाही. ढाकेचा डाव बसला. तू खाली होता. बोलला तो कोन, अन् पडला कोन."

टीव्हीवर भलतीच कुस्ती सुरू झाली होती. स्वयंपाकघराच्या दारात माय उभी होती, हातात झारा. ती कधीपासून उभी होती ते मला माहीत नाही.

"म्या बी ऐकलं होतं ते," शेषरावकाका म्हणाले.

बाबांनी पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"पडता पडता ऐकलं. तुह्या जागी मी असतो तं मीनं बी तेच केलं असतं का, हे मले आजवर समजलं नाही. पन तू एकदा येऊन सांगशीन, असं वाटलं. आला नाही. मंग मीच येऊन बसलो. म्हटलं, आज सांगशीन, पुढच्या इतवारी सांगशीन." त्यांनी गंजातून एक शेंग घेतली, पण सोलली नाही. "लय इतवार झाले, सुखदेवा."

बाबा रडले. पहेलवान माणूस रडताना खांदे कसे हलतात ते मी तेव्हा पाहिलं, आणि आठवडाभर त्यांच्याशी जशी वागले होते ते आठवून मलाही रडू आलं. त्यांनी वस्तादांना पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं, आणि वस्तीला खरं सांगता येत नव्हतं. ती कुस्ती त्यांच्या एकट्याची राहिलीच नव्हती, हलगी वाजवणाऱ्या प्रत्येकाची झाली होती. ते ओझं त्यांनी माझ्या वयाहून जास्त वर्षं वाहिलं. काका त्या दिवशी मालिका संपेपर्यंत थांबले. जाताना "येतो" म्हणाले.

मायनं बाबांना त्यावर एकच गोष्ट विचारली, तीही दोन दिवसांनी, भाकरी थापता थापता. "माह्या बापाले माहीत होतं का?"

"नाही," बाबा म्हणाले.

ती पुढची भाकर थापू लागली. त्यानंतर पाहुण्यांसमोर ट्रंक उघडली गेली नाही. काडीपेटी ती पहिल्यासारखीच हलवून बघायची, टीव्हीवरच्या कुस्त्या मात्र तिनं सोडल्या. त्या वेळेला ती आत काहीतरी निवडत बसायची. काका आले की चहा तीच आणून द्यायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. तिच्या मनात काय चाललंय याचा मला काही थांग लागेना, आणि मला भीती वाटायची की एक दिवस ती काहीतरी तोडून टाकणारं बोलेल.

आता मी पन्नाशीला आले. माझा मुलगा मोबाईलवर त्याच कुस्त्या पाहतो, लढणारे वेगळे. त्याला सगळं खोटं आहे हे माहीत आहे आणि त्याचं काही बिघडत नाही. माझं बिघडतं. कुणी फार प्रेमानं हात हातात घेतला की माझं लक्ष आधी मनगटाकडं जातं. माझा नवरा यावरून मला अजून चिडवतो, आणि त्याला चिडवायचा हक्क आहे, कारण पुढचा प्रसंग त्याच्या डोळ्यांसमोर घडला.

माझं लग्न मेडशीलाच झालं. नवऱ्याकडची मंडळी कारंज्याहून आलेली. सकाळी मांडवात बुद्धवंदना व्हायच्या आधी वडीलधाऱ्यांना फेटे बांधायचं चाललं होतं. शेषरावकाका आमच्या बाजूच्या माणसांत पुढंच बसले होते. माझ्या चुलतसासऱ्यांना कुस्तीचा भारी नाद. त्यांनी काकांना ओळखलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुमीच शेषराव ना? सुखदेवरावानं तुमाले चितपट केलं होतं, ऐकलं हाय आमी."

मांडवातली बरीच माणसं वळून पाहू लागली. वस्तीतली म्हातारी मंडळी हसत होती, मान हलवत होती. ती त्यांचीच तर कुस्ती. काकांनी होकारार्थी मान हलवली, तोंड उघडलं.

"बरोबरीत सुटली होती ती," माय म्हणाली.

ती ओट्याजवळ उभी होती, हातात अक्षतांऐवजीच्या फुलांची परात. तिनं परात खाली ठेवली. चुलतसासरे म्हणाले, "नाही बाई, आमी तं..." 

"तुमाले कोनी चुकीचं सांगतलं असन," माय म्हणाली. "बरोबरीत सुटली."

आणि ती घरात गेली. बाबा जागच्या जागी उभे होते. माय बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो गुलाबी फेटा होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत असलेला, घडीवर जरा विरलेला. तो तिनं बाबांच्या हातात दिला. "भाऊजीचा राहून गेला होता," ती म्हणाली. "त्यायचा हात वर जात नाही. तुमी बांधा."

बाबा काकांच्या मागं जाऊन उभे राहिले. काकांनी मान खाली घातली. पहिला वेढा सैल पडला, तो त्यांनी सोडून पुन्हा घेतला. वस्तीतली म्हातारी माणसं पाहत राहिली. एकदोघांनी एकमेकांकडं पाहिलं. फेटा बांधून झाला. काकांनी उजवा हात उचलून डोक्यावरचं कापड चाचपलं, तोच हात मागं नेऊन बाबांचं मनगट धरलं, आणि तसेच धरून बसले.

तेवढ्यात माय पुढं आली आणि तिनं फेट्याचा खोचलेला पदर दोन बोटांत धरून ओढून पाहिला, घट्ट बसलाय की नाही ते.